शिलाईची सरळ रेघ

ऑफिसात त्यांना सगळे अंदाजे म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. देशात वर्षभरात काय पिकलं, काय शिवलं, काय बांधलं, काय विकलं याची बेरीज करून एक मोठा आकडा काढायचा हे त्या ऑफिसचं काम. आणि त्यातलं जे धड मोजता येत नाही त्याचा अंदाज बांधायचा हे त्यांचं. चौतीस वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काही येत नाही. पाहुणे येणार असले आणि बायकोने "किती जणांचा स्वयंपाक करू?" असं विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असायचं. "गेल्या वेळेपेक्षा थोडा जास्त."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत भिंतीवर एक कागद होता. सुरुवातीला एकच होता. देशाच्या सकल उत्पादनाची रेघ दर वर्षी त्यावर बोटभर पुढे सरकायची आणि कागद संपला की त्याला दुसरा डकवायचा. असं करत करत ती रेघ दारापासून निघून, खिडकीखालून वळसा घालून कपाटापर्यंत येऊन पोचली होती. मागच्या साली तिच्यासाठी कपाट सरकवावं लागलं. शिपाई घाम पुसत म्हणाला होता, "देश असाच पुढे जात राहिला तर साहेब, माझं स्टूल व्हरांड्यात जाणार."

रेघ अंदाजे स्वतः मारत. हात चांगला होता. दुष्काळाच्या साली ती खाली बसली होती, कारखाने बंद पडले तेव्हा आणखी बसली होती, आणि नवं बंदर सुरू झालं त्या साली अशी काही उसळली होती की कागदाला वरून ठिगळ लावावं लागलं. मोठ्या काळ्या रेघेखाली एकेका धंद्याच्या बारीक रंगीत रेघा होत्या. हिरवी शेतीची, तांबडी बांधकामाची, निळी वाहतुकीची. त्या सगळ्या माणसांसारख्या वागत. कधी रुसायच्या, कधी धावायच्या, कधी दोन-दोन वर्षं अंथरूण सोडायच्या नाहीत. एकटी जांभळी मात्र पट्टीने मारल्यासारखी वर गेली होती. मारलेली पट्टीनेच होती.

जांभळी रेघ शिलाईकामाची. पूर्वीचे मोठे साहेब पाहुण्यांना खोली दाखवताना तिच्यावर आवर्जून बोट ठेवत. "ही आमच्या अंदाज्यांची रेघ. किती समजूतदार आहे बघा." पाहुणे मान डोलवत. अंदाजे खाली बघत. लोकांना वाटायचं, केवढा विनय.

ती रेघ सरळ कशी झाली, त्याची गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची.

छोट्या शिलाईकामाची वाढ ठरवायला देशभरात नमुन्याच्या बारा गल्ल्या नेमलेल्या होत्या. दर वर्षी तिथे दारोदार जायचं, किती मशीनं चालू, किती बंद, वर्षातले किती महिने काम मिळतं, हे फॉर्मवर लिहून आणायचं. त्यातली सर्वांत मोठी गल्ली याच शहरात, नगरपालिकेच्या सवलतीच्या चाळीस गाळ्यांची. ती अंदाज्यांकडे. बाकी अकरा गल्ल्यांचे फॉर्म वेळेवर आले नाहीत तर हिचीच वाढ त्यांना लावायची, असा नियम होता. ते वेळेवर कधीच आले नाहीत. म्हणजे देशातल्या झाडून सगळ्या शिंप्यांचं वर्ष कसं गेलं, ते अंदाजे त्या एका गल्लीतून चालत गेले की कळायचं.

त्या साली मोजणीचा आठवडा आला आणि नेमका त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला गाळा मिळाला. नवरा अकाली गेलेला, पदरात मुलगी, हातात फक्त शिवणकाम. गाळा त्याच गल्लीत होता, कारण गल्ली अंदाज्यांच्या माहितीची. आठवडाभर त्यांनी चुना लावला, विजेची तार ओढली, फळी ठोकली आणि जुनं लोखंडी मशीन दोघा हमालांबरोबर तीन पायऱ्या चढवून आत नेलं. बहिणीने विचारलं, "दादा, ऑफिस?"

"रजा आहे," अंदाजे म्हणाले.

रजा नव्हती. फॉर्म पिशवीत कोरे होते. आदल्या वर्षी गल्लीत एकसष्ट मशीनं होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी त्यावर चार टक्के चढवले आणि त्रेसष्ट लिहिली. पेन्सिलीने लिहिली. पुढच्या वर्षी नीट जाऊन दुरुस्त करू, असं मनाशी ठरवलं. पेन्सिलीने केलेलं पाप खोडता येतं अशी त्यांची तेव्हा समजूत होती.

आणि पुढच्या वर्षी ते खरंच गेले. धाकटीचा गाळा माहितीचा म्हणून सोडला, बाकी एकोणचाळीस दारं प्रामाणिकपणे हिंडले आणि मशीनं भरली अठ्ठावन्न. आता आली का पंचाईत. त्रेसष्टवरून अठ्ठावन्न लिहायचं तर मोठी घसरण दिसणार, साहेब कारण विचारणार, कारण शोधायला गेलं की गेल्या सालचे फॉर्म निघणार, आणि त्या फॉर्मांवर चाळीस दुकानदारांच्या सह्या एकाच हाताच्या. अंदाज्यांनी दोन दिवस विचार केला आणि खऱ्याला खोट्याच्या मापाने कापून सहासष्ट लिहिली. खरे फॉर्म कपाटाच्या तळाशी गेले. त्यानंतर मोजायला जाण्यात अर्थच उरला नाही. दर साली चार टक्के. जांभळी शाई, पट्टी, आणि जिवाला खालून कुरतडणारं काहीतरी.

बरं, गल्लीत जाणं थांबलं होतं असंही नाही. दर रविवारी दुपारी ते धाकटीकडे जात. जाताना शटरं दिसत. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या पडदेवाल्याचं बंद झालं, मग काजं-बटणंवाल्या दोघा भावांचं, मग एकदम एका ओळीत पाच. बाजारात तयार कपडे ढिगाने यायला लागले होते. अंदाजे रविवारी बंद शटरांसमोरून मान खाली घालून जायचे आणि सोमवारी चार टक्के लिहायचे. रविवारी आपण भाऊ म्हणून जातो, भावाने मोजायचं नसतं, असं त्यांनी स्वतःला पढवलं होतं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही.

तर अशा एका रविवारी ते गाळ्यात शिरले आणि धाकटीने मशीन थांबवून त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं.

"वाच जरा. त्यांची भाषा माझ्या डोक्यावरून जाते."

पत्र नगरपालिकेचं होतं. गल्लीतल्या गाळ्यांची भाड्याची सवलत काढून घ्यायचं ठरत होतं. बाजारभावाने भाडं द्या, नाहीतर तीन महिन्यांत गाळे रिकामे करा. हरकत असेल त्यांनी गुरुवारी सुनावणीला यावं. आणि कारण? अंदाजे मोठ्याने वाचत होते ते कारणाशी येऊन अडखळले. 'छोट्या शिलाई व्यवसायातील सातत्यपूर्ण व समाधानकारक वाढ लक्षात घेता.'

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. वार्षिक अहवालाच्या त्र्याण्णवाव्या पानावर दर साली ते स्वतः लिहीत. 'समाधानकारक' हा शब्द घालू की नको म्हणून एका वर्षी त्यांनी पाऊण तास घालवला होता.

"काय रे? पुढे काय आहे?"

"पुढे सही आहे."

"समाधानकारक कुणाला वाटलं म्हणे?" धाकटी दोरा दाताने तोडत म्हणाली. "त्याला एकदा इथे आणून बसव. माझी बोहनी झाली नाही परवापासून. दादा, हे असलं तुमच्याच ऑफिसात लिहितात ना? विचार ना कुणाला तरी, कोण हा शहाणा."

"बघतो," अंदाजे म्हणाले.

"नुसतं बघू नकोस. गुरुवारी चल आमच्याबरोबर. मी सगळ्यांना सांगून बसलेय, माझा दादा आकड्यांतला माणूस आहे, तो बोलेल आपल्या बाजूने. चार नंबरची म्हातारी तर म्हणाली, मग आता काळजी नाही."

अंदाज्यांना प्यायला पाणी दिलं होतं, ते तसंच राहिलं.

सोमवारी ते मोठ्या साहेबांच्या जागी आलेल्या मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, कामात चोख आणि बोलण्यात थोडक्यात. अंदाज्यांनी दार लावून घेतलं, कपाटाच्या तळातले जुने फॉर्म टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. सांगताना ते सारखे टेबलावरचा कागददाब फिरवत होते. मॅडमनी तो काढून बाजूला ठेवला.

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. शिलाईची सतरा वर्षांची वाढ पुसून त्या जागी घट घातली, आणि देशाचा एकूण आकडा पुन्हा काढला. सतरा वर्षं त्यांना वाटत होतं, हे बाहेर आलं तर देशाची ती काळी रेघ धाडकन खाली येईल, वर्तमानपत्रं छापतील, मंत्री उभे राहून उत्तरं देतील.

मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "दुसऱ्या दशांश स्थळी फरक पडतो. तोसुद्धा सगळ्या वर्षांत नाही."

"एवढाच?"

"अंदाजे, देश तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे."

पापाची लाज एक वेळ सोसता येते. पण एवढं जपलेलं पाप इतकं किरकोळ निघावं, ही लाज त्यांना नवीन होती. बेरजेत हरवण्याइतकी लहान माणसं आपण निवडली होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांच्या जागी सिमेंटचा कारखाना असता तर पहिल्याच वर्षी कुणीतरी फोन केला असता.

"तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या साली हिशोबाचं पायाभूत वर्ष बदलतंय. सगळीकडे नव्याने मोजणी होईल. हे आपोआप दुरुस्त होईल."

"सुनावणी गुरुवारी आहे, मॅडम."

मॅडमनी जुने फॉर्म चाळून पाहिले. मग म्हणाल्या, "तर मग नवे फॉर्म घ्या आणि मोजून या. खरं मोजून या. तिथे बोलायचं तर स्वतःच्या नावावर बोला. मी अडवणार नाही. पण मला कागद करावा लागेल, आणि चौकशी झाली तर तुमच्या पेन्शनचं मी काही सांगू शकत नाही."

मंगळवारी सकाळी अंदाजे पिशवीत चाळीस फॉर्म घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. अंगात तोच कोट होता, जो धाकटीने गाळा उघडल्यावर पहिलं काम म्हणून शिवला होता. एरवी ते तिच्या गाळ्याकडे तीरासारखे जात. आज पहिल्या दारापासून सुरुवात केली. एक नंबर, बंद. दोन नंबर, बंद, आत उंदरांचा संसार. तीन नंबरला एक शिंपी शाळेचे गणवेश शिवत होता. वर्षातले दोन महिने काम, बाकी दहा महिने, त्याच्याच शब्दांत, "चहावाल्याशी मैत्री". चार नंबरच्या म्हातारीचं मशीन फडक्याखाली झाकलेलं, म्हातारी त्यावर डोकं टेकून झोपलेली. अंदाज्यांनी तिला उठवलं नाही. 'एक, बंद' असं लिहिलं. पुढच्याने विचारलं, "किती वर्षांनी आलात हो? माझे वडील सांगायचे, पूर्वी कुणी मोजायला यायचं म्हणून." अंदाज्यांनी त्याचं नाव लिहिण्यात खूप वेळ लावला.

एकतीस नंबर धाकटीचा.

"आज मंगळवारी कसा?" ती म्हणाली. मग फॉर्म दिसला. "आणि हे काय, माझी परीक्षा घेतोस?"

"मशीनं किती?"

"दोन. तुला माहीत नाही?"

"चालू किती?"

"एक. ओव्हरलॉक गेलं दोन वर्षांपूर्वी, दुरुस्तीला पैसे..." ती थांबली. "दादा, हे कशासाठी?"

"वर्षातले किती महिने काम असतं?"

"पाच. ओढूनताणून सहा." ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी त्यांनी आरसा फोडून गादीखाली लपवला होता, तेव्हाही तिने असंच बघितलं होतं. "हे दर वर्षी विचारायचं असतं?"

"हो."

"मग सतरा वर्षांत माझ्याकडे कुणी कसं आलं नाही?"

"यायला हवं होतं."

"कोणी?"

अंदाज्यांनी फॉर्मवरच्या रकान्यात बघत सांगितलं, "मी."

धाकटीने हातातलं कापड मशीनवर ठेवलं.

"आणि ते समाधानकारक?"

"तेही मीच."

तिने टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला. "पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्याच वर्षी चुकलं. त्यानंतर निस्तरता आलं नाही."

"पहिलं वर्ष म्हणजे..." तिची नजर दाराशी असलेल्या तीन पायऱ्यांकडे गेली. "तू मशीन चढवलंस तो आठवडा? रजा आहे म्हणालास तो?"

अंदाज्यांनी मान हलवली.

"बरं केलंस," धाकटी म्हणाली, आणि ते ऐकून त्यांना एक क्षण हलकं वाटतंय तोच पुढे म्हणाली, "म्हणजे आता गल्लीतल्या सगळ्यांना सांगता येईल, तुमचं वाटोळं माझ्या गाळ्यापासून सुरू झालं. रविवारी इथे बसून माझ्या हातचं खायचास. समोरचं शटर पडलं तेव्हा तू इथेच बसला होतास. म्हणालास, अरेरे."

अंदाजे फॉर्म हातात धरून उभेच होते.

"फॉर्म पुरा झाला?"

"सही राहिलीये."

तिने सही केली. ठळक, कागद फाटेल अशी. "आता पुढचं दार बघ. अजून नऊ आहेत."

गुरुवारी सुनावणीच्या हॉलमध्ये गल्लीतले लोक मागच्या दोन बाकांवर बसले होते. धाकटी त्यांच्यात. अंदाज्यांसाठी तिने जागा धरली नव्हती. ते भिंतीशी उभे राहिले. तिने कुणाला काही सांगितलं होतं की नाही, ते त्यांना कळेना. चार नंबरच्या म्हातारीने त्यांच्याकडे बघून मोठ्या विश्वासाने मान डोलावली, तेव्हा एवढं कळलं की निदान तिला सांगितलेलं नाही.

नगरपालिकेचे अधिकारी सज्जन होते, पण कागदाचे पक्के. त्यांनी अहवालाचं त्र्याण्णवावं पान काढलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमची अडचण मला समजते. पण सरकारी आकड्याप्रमाणे या गल्लीत आज एकशे एकोणीस मशीनं चालू आहेत."

मागच्या बाकावर आधी कुणाला कळलंच नाही. मग गणवेशवाला शिंपी म्हणाला, "साहेब, चाळीस गाळ्यांत एकशे एकोणीस? आम्ही मशीनं काय खुंटीला टांगतो?" हॉल हसला. अंदाज्यांना तो हशा अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखा लागला.

"विनोदाची गोष्ट नाही ही," अधिकारी म्हणाले. "हा आकडा कुणीतरी जबाबदारीने दिलेला आहे."

तेव्हा अंदाज्यांनी हात वर केला. शाळेत मारकुटे मास्तर 'खडू कुणी फेकला' विचारायचे तेव्हा करावा तसा, सबंध, कोपरात न वाकवता.

"मी दिलेला आहे," ते म्हणाले. "जबाबदारीने नव्हे."

मग त्यांनी फॉर्म वाचले. बावीस गाळे उघडे, अठरा बंद. चालू मशीनं चौतीस. शेवटी त्यांनी पहिल्या वर्षाचंही सांगितलं, फक्त त्या आठवड्यात आपण कुठे होतो, ते विचारल्यावर म्हणाले, "घरच्या कामात." म्हातारीने शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय तो?" आणि शेजारणीने तिच्या कानात सांगितल्यावर तिने अंदाज्यांकडे बघायचं बंद केलं. ते मात्र तिच्याकडे बघत राहिले. तेवढी शिक्षा आपली आपण घ्यावी असं त्यांना वाटलं.

निर्णय सहा महिने पुढे ढकलला. तोपर्यंत सवलत चालू, आणि नगरपालिका स्वतः मोजणी करणार. अंदाज्यांना चौकशीचं पत्र यायचं होतं, ते येणारच होतं. गल्लीतले लोक त्यांना वळसा घालून बाहेर पडले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

धाकटी चार पावलं पुढे चालत होती. बसस्टॉपवर उभी राहिली, बस ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून. अंदाजे मागे उभे. ती न वळता म्हणाली,

"कोट काढ."

"का?"

"हात वर केलास तेव्हा काखेत उसवलेला दिसला. सगळ्या हॉलला दिसला. काढ."

अंदाज्यांनी निमूटपणे कोट काढून दिला. तिने तो उलटा केला, शिवण बोटाने चाचपली आणि घडी घालून पिशवीत टाकला. मळकी बाही आत सरकवताना तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. भर रस्त्यात ते नुसत्या शर्टावर उभे होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"उद्या ये न्यायला," ती म्हणाली. "आणि येताना ते फॉर्म घेऊन ये. चार नंबरच्या म्हातारीचं मशीन तू बंद लिहिलंयस. ती दुपारून चालवते. पस्तीस होतात."